महं, माझं, माइन

आठवीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘तिसरी भाषा’ असा एक रकाना होता. हिंदी, संस्कृत किंवा जर्मन, यांतल्या एकीवर खूण करायची. फॉर्म भरायला दादा आले होते. दादा म्हणजे माझे वडील. घरात सगळी चुलत भावंडं त्यांना दादा म्हणायची, तेच माझ्याही तोंडी बसलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मला न विचारता जर्मनवर खूण केली.

“संस्कृत घेऊ द्या की,” मी म्हणाले. “त्याच्यात मार्क पडतात.”

“आमच्या मशीनवर जर्मनमधी लिहिलेलं हाये,” दादा म्हणाले. “अकरा वर्सं झाली, काय लिहिलंय ते एकालाबी ठाऊक नाय. तू शिक अन् मला सांग.”

दादा शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर होते. आम्ही करमाडला राहायचो, तिथून त्यांना कंपनी जवळ पडायची. सातवीपर्यंत मी गावातच शिकले आणि आठवीपासून जालना रोडनं एसटी धरून शहरातल्या शाळेत जाऊ लागले. तेव्हा एसटीच्या पाटीवर औरंगाबाद असायचं, आता छत्रपती संभाजीनगर असतं. आई मात्र तेव्हाही आणि आताही ‘शहरात गेली’ एवढंच म्हणते.

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एक छोटी गोष्ट घडली. मराठीचा तास होता. बाकावर दोन दप्तरं एकावर एक ठेवलेली होती आणि सरांनी विचारलं, यातलं तुझं कोणतं. मी उभी राहून म्हणाले, “वरचं महं हाये, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत, माणूस चांगला होता. ते हळूच म्हणाले, “माझं म्हणायचं.”

“व्हय, सर,” मी म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला.

तोवर मी काही वेगळं बोलते हे मला माहीतच नव्हतं. करमाडला सगळेच तसं बोलायचे, गुरुजीसुद्धा. पुस्तकातली मराठी पुस्तकात असते आणि तोंडातली तोंडात, एवढंच मला ठाऊक. दोघींची समोरासमोर गाठ पडायची कधी वेळच आली नव्हती. त्या दिवसानंतर मी वर्गात बोलणं टाकलं. हो असेल तर मान हलवायची, नसेल तर खाली बघायचं. घरी आईनं विचारलं, शाळा कशी हाये, तर तिथंही मान हलवली.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी शहागंजकडची होती. तिच्या घरी दखनी बोलायचे. ‘ज्या मुलखात राहायचं तिथली जबान नीट आली पाहिजे’ म्हणून तिच्या अब्बूंनी तिला मुद्दाम मराठी शाळेत घातलं होतं. ती मराठी भराभर बोलायची, पण ‘माझी पुस्तक’, ‘माझा घर’, ‘थंडा पाणी’ असं. तिलाही वर्ग हसायचा. ती माझ्यासारखी खाली बसायची नाही. हसणं संपेपर्यंत उभी राहायची आणि मग वाक्य जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू करायची.

“तू बोलत का नाही?” एकदा डबा खाताना तिनं विचारलं.

“हसतात.”

“दोन मिनिटं हसतात. मग थकतात.” आणि तिनं माझ्या डब्यातला ठेचा आपल्या चपातीवर घेतला.

जर्मनच्या मॅडम ऑगस्टमध्ये रुजू झाल्या, म्हणून आमचा तास उशिरा सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या शेजारी एक अरुंद खोली होती, तिथं आम्ही एकोणीस जण बसायचो. मॅडम मूळच्या पुण्याच्या. यजमानांच्या नोकरीमुळं आठ वर्षं जर्मनीत राहून आलेल्या, आणि आता यजमान वाळूजला लागले म्हणून आमच्या शहरात. सुती साडी नेसायच्या आणि खाली काळे चामडी बूट घालायच्या. जर्मनीत टाच दुखायला लागली ती इकडं आल्यावरही थांबली नाही, असं त्या सांगायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला ‘मी अमुक’ एवढंच म्हणायला लावलं. त्यातला पहिला शब्द ‘इश’, म्हणजे मी. हा श आपल्या श सारखा नव्हता. मांजर फिसकारतं तसा टाळूजवळून काढायचा होता. आम्ही एकोणीस जण पाऊण तास फिसकारत बसलो. डॉक्टरांची मुलगी नेहमी पहिली यायची, तिलाही तो येईना. वकिलांच्या मुलाला येईना. शहागंजला येईना, करमाडला येईना. सगळे सारखेच वाईट होतो आणि हसू कुणाला कुणाचं येत नव्हतं, किंवा सगळ्यांना सगळ्यांचं येत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्यानं फिसकारले. दोन महिन्यांत त्या शाळेत माझा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या तासाला जर्मनमधली तीन लिंगं आली. डेर, डी आणि डास, म्हणजे आपलं तो, ती, ते. डास म्हटल्याबरोबर मागचे बाक टाळ्या वाजवून डास मारू लागले. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि थांबल्या.

“हसून घ्या,” त्या म्हणाल्या. “हा डास तुम्हाला तीन वर्षं चावणार आहे.”

मग त्यांनी जर्मन सोडून मराठीत विचारायला सुरुवात केली. खिडकी काय? ती. दार? ते. दरवाजा? तो. दार आणि दरवाजा एकच ना, मग एक ते आणि एक तो कसा? कुणी शिकवलं तुम्हाला? कुणाला आठवेना. टेबलावर तर भांडणच झालं. अर्धा वर्ग ‘ते टेबल’ म्हणत होता आणि अर्धा ‘तो टेबल’. शहरातली मुलं मराठीवरून आपसात भांडताना मी पहिल्यांदा बघितली. बरोबर काय ते त्यांनाही नक्की माहीत नसतं, हे कळून मला मनातून फार बरं वाटलं.

दिवाळीच्या सुटीनंतर ‘मेडशेन’ हा शब्द आला. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि तिला लागतो डास. मुलगी नपुंसकलिंगी. यावर मुली चिडल्या. डॉक्टरांची मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, दिव्याला डी लावतात आणि मुलीला डास? हे काय बरोबर आहे?”

मी हात वर केला नव्हता. बोलणं तोंडातून आपोआप निघून गेलं. “आमच्याकडंबी म्हन्त्यात, मॅडम. लेकरू. आई म्हन्ते, महं लेकरू आलं का शाळेतून.”

वर्ग हसायला लागला, पण मॅडमनी तळहात वर केला. “आणखी?” त्यांनी मला विचारलं.

“आणखी काय?”

“लेकरूसारखं आणखी काय आहे तुमच्याकडं? लहान असलेलं, आणि ते.”

मी मनातल्या मनात आमच्या गोठ्यात गेले. “वासरू,” मी म्हणाले. “करडू. कोकरू. पाखरू. शिंगरू.”

“शिंगरू म्हणजे?” मागून कुणीतरी विचारलं.

“घोडीचं लहान.”

“आणि पिल्लू,” माझी शेजारीण म्हणाली. तिला ते माहीत होतं, कारण तिच्याकडं मांजरी होत्या.

मॅडम सगळं फळ्यावर लिहीत गेल्या. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. शेळी ती, बोकड तो, पण करडू ते. मग त्यांनी शेजारी ‘शेन’ एवढंच लिहिलं. जर्मनमध्ये कुठल्याही शब्दाला शेवटी शेन जोडलं की ती वस्तू लहान होते, आणि लहान झाली की तिला डास लागतो. मेडशेनमधलं शेन तेच. खडू हातात तसाच धरून त्या फळ्याकडं बघत राहिल्या.

“इतकी वर्षं शिकवतेय मी,” त्या म्हणाल्या, “आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.”

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीतून फक्त ते शोधत आले. शेत ते, झाड ते, दुकान ते, वावर ते. चिकलठाण्यापासून करमाडपर्यंत दोन्ही बाजूंनी नुसतं ते.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं माझ्यापुढं कोरी वही ठेवली. “तुला हे कसं समजतं, ते मला शिकव.”

मी शिकवायला बसले आणि अडकले. पुस्तक ते का, वही ती का, मला सांगताच येईना. फक्त माझ्या कानाला कळत होतं. शेवटी आम्ही वहीत तीन रकाने पाडले आणि दिसेल ती वस्तू लिहीत सुटलो. तिची मराठी दोन महिन्यांत एवढी नीट झाली की सरांनी तिला वर्गात शाबासकी दिली. पण वहीचा खरा फायदा मला झाला. एके दिवशी ती वहीवरून बोट फिरवत म्हणाली, “यातले अर्धे आमच्या घरचे आहेत.”

“काय?”

“शब्द. कागद आमचा. शाई आमची. खुर्ची, तारीख, हजेरी, दप्तर. आमच्या अब्बूंना विचार पाहिजे तर.”

मला खरं वाटेना. दप्तर तर माझ्या आजोबांपासूनचा शब्द, तो मराठी नाही असं कसं होईल? मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, फारसीतून आलेत, आणि आता मराठीही आहेत.

“आमच्यात दफ्तर तो आहे,” शेजारीण विचार करत म्हणाली. “तुम्ही आमच्याकडून नेला आणि त्याचं ते करून टाकलं.” तिनं रागानं नाही, नोंद केल्यासारखं म्हटलं, आणि वहीत दप्तर नपुंसकलिंगी रकान्यात लिहून घेतलं.

इकडं दादांचं वेगळंच चालू होतं. ते मशीनवरचे शब्द गेटपासच्या मागच्या बाजूला उतरवून आणायचे, इंग्रजी अक्षरं एकेक करून, नकाशा काढल्यासारखी. बहुतेक शब्द मला यायचे नाहीत, ते मी मॅडमना विचारून यायचे. एकदा त्यांनी मोठ्या लाल बटणावरचा शब्द आणला. एन, ओ, टी, मग आडवी रेघ आणि पुढं आउस.

“हे नॉट म्हंजी इंग्रजीतलं ‘नाही’च ना?” दादा म्हणाले. “मग ह्ये लाल बटन ‘नाही’ कशाला म्हन्तंय? ते तर आम्ही गडबड झाली की दाबतो.”

मॅडमनी सांगितलं, ते इंग्रजी नाही. जर्मनमध्ये त्याचा उच्चार नोट, आणि अर्थ अडचण, संकट. नोट-आउस म्हणजे संकटात बंद करायचं बटण. दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातात धरून ते म्हणाले, “अक्षरं तीच अन् बोलणं दुसरंच.” पुढचे चार दिवस त्यांनी कंपनीत प्रत्येकाला ते बटण समजावून सांगितलं, आणि त्याचबरोबर आपली पोरगी जर्मन बोलते, हेही सांगितलं.

मी बोलत नव्हते. मला बाजारात जाऊन सफरचंद मागता येत होतं आणि घड्याळात किती वाजले ते सांगता येत होतं.

नववीत हिवाळ्यात कंपनीत नवीन मशीन आली आणि ती बसवायला जर्मनीहून एक माणूस आला. तीन आठवडे तो शहरात हॉटेलात राहणार होता, आणि त्याच्या हाताखाली दादांना दिलं होतं. पहिल्याच रविवारी दादांनी त्याला जेवायला घरी बोलावलं. कसं बोलावलं देव जाणे, पण तो आला.

पन्नाशीचा उंच माणूस होता. दारातून वाकून आत आला. त्याची बोटं दादांसारखीच जाड होती आणि नखांत दादांसारखंच काळं. त्याला बघायला काका-काकू आणि शेजारच्या दोघी आल्या होत्या. मी आठवडाभर पाठ केलेली तीन वाक्यं म्हटली. नमस्कार, माझं नाव अमुक, तुम्ही कसे आहात. त्याचा चेहरा उजळला आणि तो बोलायला लागला.

मला एकही शब्द कळला नाही. मॅडमचं जर्मन स्वच्छ होतं, एकेक शब्द वेगळा. याच्या शब्दांना कडाच नव्हत्या, सगळं एकात एक मिसळून वाहत होतं. तो थांबला तेव्हा घरातले सगळे माझ्याकडं बघत होते.

“काय म्हन्तेत?” दादांनी विचारलं.

“घर आवडलं म्हन्तेत,” मी म्हणाले.

सगळ्यांना बरं वाटलं. तो पुन्हा काहीतरी बोलला, या वेळी पोटावर हात ठेवून.

“भूक लागली म्हन्तेत. लई.”

आईला यापेक्षा गोड काही ऐकायला मिळालं नसतं. तिनं ताटात धपाटे वाढले, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि वर पुन्हा धपाटे. पाहुण्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळू आवाजात काही विचारलं. मी हसले. त्यांनी खाली मान घालून खायला सुरुवात केली. आई वाढत राहिली.

जेवण झाल्यावर ते अंगणात आले. तिथं आमची शेळी आणि तिचं आठ दिवसांचं करडू होतं. त्यांनी करडाला उचलून घेतलं, मला जवळ बोलावलं, आणि बोलता बोलता ‘मेडले’ म्हणाले. माझ्याकडं बघून. मेडले. मेडशेन हा शब्द मला येत होता. यात शेनच्या जागी ले होतं. म्हणजे यांच्याकडं लहान करायला ले लावतात. सकाळपासून कळलेला तो पहिला शब्द होता, आणि तो धरून मला थोडा धीर आला. मी म्हणाले, “हळू बोला ना, कृपा करून.” एवढं जर्मन मला येत होतं.

ते थांबले. मग त्यांनी घसा साफ केला आणि शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं, ताठ, एकेक शब्द तोडून ते बोलले. आणि मला सगळं कळलं. ते म्हणाले, माझं पोट कालपासून बरं नाही. मी फक्त थोडं दही मागितलं होतं. पण तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून खाल्लं. जेवण फार चवदार होतं.

तोवर चार धपाटे झाले होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. दादांनी विचारलं, काय म्हन्तेत, तर म्हणाले, जेवण चवदार होतं म्हन्तेत. दिवसभरातलं तेवढं एकच भाषांतर खरं होतं.

सोमवारी पाहुणे कंपनीत आले नाहीत. मंगळवारीही नाही. संध्याकाळी दादा हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, “साहेबांचं पोट बिघडलंय. मशीन तशीच पडली.” मग मी रडत रडत सगळं सांगितलं. घर आवडलं तेही खोटं होतं, भूक तीही खोटी.

दादांनी टॉवेलनं हात पुसले. मग म्हणाले, “मला ठाऊक व्हतं.”

“कसं?”

“तू सांगताना त्यांच्याकडं बघत नव्हतीस, मह्याकडं बघत व्हतीस. मला काय ऐकायचंय ते बघून सांगत व्हतीस.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “कळलं नाय तर कळलं नाय म्हनावं. मी अन् ते दिवसभर काय बोलतो? थांब, हळू, अजून थोडं. तीन शब्द मी त्यांचे शिकलो, तीन त्यांनी आपले. नाय कळलं की दोघंबी हात वर करतो.”

आईला ते चार धपाटे जास्त लागले. “लेकराला भूक नव्हती अन् म्या वाढत गेले,” ती दोन दिवस म्हणत होती. लेकरू म्हणजे तो पन्नाशीचा माणूस.

मी मॅडमकडं गेले आणि माफीचं पत्र लिहून द्या म्हणाले. त्यांनी दिलं नाही. “तू लिही, मी तपासते.” मला माफी मागायचं जर्मन येत नव्हतं, तेवढं त्यांनी सांगितलं. एस टूट मिअर लाइट. त्यातला मिअर म्हणजे मला. “इंग्रजीत बघ, आय ॲम सॉरी, म्हणजे मी पुढं,” मॅडम म्हणाल्या. “जर्मनमध्ये आणि मराठीत मी पुढं येत नाही. मला वाईट वाटतं. वाईट वाटणं बाहेरून येतं आणि मला होतं.” मी ते पत्र सात वेळा लिहिलं. आठ ओळींचं होतं. दादांनी ते डब्याच्या पिशवीत घालून नेलं.

शनिवारी उत्तर आलं. मशीनच्या नकाशाच्या कागदाच्या पाठीमागं लिहिलेलं, मोठ्या गोल अक्षरांत. पोट आता बरं आहे, असं सुरुवातीला होतं. मग कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडं लिहिलं होतं, आमच्या गावात असं बोलतात. उजवीकडं, पुस्तकात असं बोलतात. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात ‘इश वाइस निश्त’ होतं. त्यांच्या गावात ते ‘ई वॉइस नेट’. ज्या श साठी आम्ही एकोणीस जण पाऊण तास फिसकारलो होतो, तो त्यांच्या गावात कुणी म्हणतच नव्हतं. खाली लिहिलं होतं: शाळेत गुरुजी मला डावीकडचं बोलू द्यायचे नाहीत. घरी उजवीकडचं बोललो की आई हसायची. तुझी आई कशी बोलते? मला असेच दोन रकाने लिहून पाठव.

मी तो कागद मॅडमना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “तिकडं गेले तेव्हा भाजीवालीचं बोलणं समजायला मला दोन वर्षं लागली,” त्या म्हणाल्या. “इथून परीक्षा देऊन, पहिला नंबर काढून गेले होते. दुकानातून घरी येऊन रडायचे.” मॅडम कधी रडल्या असतील हे मला त्यापूर्वी सुचलंच नव्हतं.

आईचं बोलणं लिहून घ्यायला मी रविवारी दुपारी बसले. ती तूर निवडत होती. मी वही उघडल्याबरोबर ती सावरून बसली आणि टीव्हीवरच्या बाईसारखी म्हणाली, “मी इथे बसलेली आहे.”

“तू असं कवा बोलतीस?”

“लिहायचंय म्हनल्यावर नीट नको का बोलायला?” ती म्हणाली. “माझं गावंढळ बोलणं परदेशात कशाला धाडतीस?”

माझं म्हणाली ती. महं नाही. माझ्या वहीसाठी तिनं शब्द बदलला होता. मला वर्गातला तो पहिला आठवडा आठवला. मी तिला पाहुण्यांचा कागद वाचून दाखवला, मराठी करून, या वेळी एकही शब्द न बदलता. त्यांची आई हसायची, तिथं ती थांबली.

“त्यांची मायबी घरचंच बोलायची?”

“व्हय.”

“अन् तिकडंबी शाळेत बोलू देत नाय?”

“नाय.”

ती सुपातली तूर पाखडत राहिली. मग जरा वेळानं म्हणाली, “लिही मग. बैजवार लिही.”

बैजवार म्हणजे सावकाश, नीट, व्यवस्थित, घाई न करता, आणि मन लावून. हे सगळं मिळून बैजवार. उजव्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना, मी जागा कोरी ठेवली. दोन तासांत तीन पानं भरली. दादा आले आणि त्यांनीही भर घातली. कोरड्यास म्हणजे भाजी की आमटी, यावरून दोघांचा वाद झाला. काकूला बोलावलं, तिनं तिसरंच सांगितलं.

पाहुणे परत जायच्या आदल्या दिवशी दादांनी ती पानं त्यांना दिली. मी त्यांच्यासाठी प्रत्येक शब्दाचं जर्मन लिहिलं होतं, चुकतमाकत. दादा सांगत होते, साहेबांनी ती घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. पुढं त्यांचं पत्र आलं नाही, आणि आमच्याकडं त्यांचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी वर्गात बोलू लागले. सरांसमोर माझं, बाहेर मैदानात महं. दोन्ही यायचं आणि कुठं काय ते कळायचं. एक गोष्ट मात्र गेली, ती परत आली नाही. पूर्वी मी नुसती बोलायचे. आता बोलायच्या आधी शब्द कानात वाजतो, घरीसुद्धा. आईशी बोलतानाही एक क्षण आधी कळतं की आता महं येणार आहे. जर्मनमधलं माइन, म्हणजे माझं, म्हणतानाही तसंच व्हायचं. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सवय होते.” सवय झाली आहे, पण वाजायचं थांबलेलं नाही.

आमच्या नंतरच्या वर्षी जर्मनला सहाच मुलं आली आणि शाळेनं तो वर्ग बंद केला. मॅडम पुण्याला परत गेल्या. मी बी. ए. करून आता कन्नड गावात एका पतसंस्थेत काम करते. माझी शेजारीण वकील झाली आणि आपल्याच शहरात कोर्टात मराठीतून बाजू मांडते. फिर्याद, दावा, वकील, तारीख, हे सगळे शब्द आमच्याच घरचे आहेत, असं ती अजून मला ऐकवते.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी आमची मुलं घेऊन अजिंठ्याला गेलो. फर्दापूरला लेण्यांकडं जाणाऱ्या बसच्या रांगेत पुढं एक वयस्क जोडपं होतं. बाई नवऱ्याला काहीतरी सांगत होती आणि माझे कान उभे राहिले. जर्मन. इतक्या वर्षांनी मला शब्द आठवेनात. मैत्रीण मात्र सरळ पुढं झाली आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांना विचारू लागली, तुम्ही कुठून आलात, पाणी पाहिजे का. ती बाई एवढी हरखली की तिनं मैत्रिणीचा हात धरला आणि भराभर बोलायला लागली.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

मैत्रीण त्या बाईकडं बघत होती. “काहीच नाही कळलं,” ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हात वर केले. बाई हसली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हळूहळू. त्यांच्या बसची वेळ झाली तोवर आम्हाला एवढं कळलं होतं की त्यांना दोन नातवंडं आहेत आणि उन्हाचा फार त्रास होतो आहे. ते बसमध्ये चढून गेल्यावर माझ्या मुलीनं विचारलं, तुम्ही कोणती भाषा बोलत होता. सांगायच्या आधीच आमचा वाद सुरू झाला, बसला जर्मनमध्ये डेर लागतो की डी, आणि आमची बस येईपर्यंत तो मिटला नाही.